ओढ्यापलीकडचे रूळ

९ ऑक्टोबर

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. पत्राच्या पहिल्या ओळीत सगळे खुशाल असावे लागतात, म्हणून इकडे सगळे खुशाल आहेत. तुझे टाके सुकत आलेत असं तुझ्या बायकोकडून, म्हणजे आमच्या मास्तरीणबाईंकडून, कळलं. डॉक्टरांनी तुला फोन देऊ नका, कसली काळजी त्याच्या कानावर घालू नका, असं बजावलंय. म्हणून हा कागद. पण तोही तुझ्या हातात थेट पडणार नाही. मास्तरीणबाई शाळेचे पेपर तपासतात तसं हे पत्र आधी तपासणार, आणि पास झालं तरच तुझ्या उशाशी ठेवणार. तेव्हा यात जे नसेल ते मी विसरले म्हणून नाही, एवढं लक्षात ठेव.

इतकी वर्षं आपण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही आणि आज मी लिहितेय, म्हणजे आपलं काही खरं नाही, असं तुझ्या मनात येईल. तसं काही नाही. हृदयाची झडप बदलली, आता वीस-पंचवीस वर्षं बघायला नको, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना म्हटलं, एवढी खात्री मला बॉयलरवाल्यानेही दिली नव्हती.

तर, ठेंगणी पास झाली.

होय, तीच, अप्पांच्या दोन वाफेच्या इंजिनांतली बुटकी. तू शेवटची पाहिलीस तेव्हा ती माझ्या गोठ्यामागे नळ्या उपसून पडली होती आणि कोंबड्या तिच्या भट्टीत अंडी घालत होत्या. आधी कोंबड्यांना दुसरं घर बांधून दिलं, मग कामाला लागले. जुन्या नळ्यांच्या जागी सगळ्या नव्या बसवल्या. थोरलीचे भाग काढून हिला लावले; थोरली आता नुसता सांगाडा उरलीय, पण तिची चाकं हिच्याखाली पळतायत. बेअरिंगं मी स्वतः ओतली. दोनदा बिघडली, तिसऱ्यांदा अशी बसली की तेलाचा कागद मध्ये सरकेना. सकाळी दूध काढायचं, चारा टाकायचा, मग अंगावर तो काळा डगला चढवायचा. गाई मला वासावरून ओळखेनाशा झाल्या होत्या.

तुझ्या दाजींचं तुला माहीतच आहे. गुरांचा डॉक्टर माणूस, बैलाच्या शिंगाला भीत नाही पण वाफेला भितो. पण डाव्या सिलिंडरमधून वाफ कुठून निसटतेय ते मला सापडेना, तेव्हा तेच लांबून हात करून म्हणाले, “थांब, ऐकून बघतो.” गाईंच्या पोटाला लावायची नळी सिलिंडरला लावली, डोळे मिटले आणि बोट ठेवलं. तिथेच होतं. तेव्हापासून जेवताना निदान एकदा तरी ती गोष्ट निघते.

बॉयलर तपासायला साहेब आले. बॉयलर पाण्याने भरून दाब चढवला, तासभर धरला, एकेक खिळा हातोडीने वाजवून पाहिला. खाली उतरून म्हणाले, “काम कुणी केलंय?” मी म्हटलं, “मी.” तर त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मागे गाय होती. मग नाइलाजाने माझ्याकडेच बघून सही केली.

पावसाचं विचारशील. पडतोय. पडणं हे त्याचं कामच आहे. बटाट्यांचं विचारशील. बटाटे जमिनीत आहेत, आणि बटाट्यांनी आणखी कुठे असावं?

जाता जाता एक. रूळ वाकवायची अप्पांची मोठी पकड तुझ्याकडे राहिली का रे? नुसतं विचारतेय. मास्तरीणबाई ही ओळ खोडायला सांगतायत. मी काही खोडत नाही.

औषधं वेळेवर घे. नर्सशी भांडू नकोस.

तुझी थोरली बहीण


१७ ऑक्टोबर

प्रिय बारक्या,

मास्तरीणबाईंच्या नखांतला कोळसा तुला दिसला म्हणे. “शाळेत खडूऐवजी कोळशाने लिहिता की काय?” असं तू विचारलंस आणि बाईंना रडू फुटलं. मला काल सगळं कळलं. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, सांगून टाका. खरं ऐकून होणार नाही एवढी धडधड त्याला अंदाज बांधून होतेय. तेव्हा उशीला पाठ टेकून नीट बस.

तुझ्या जमिनीत मी रूळ घातले. तुला न विचारता.

लिहिलं एकदाचं. आता पुढचं सोपं आहे.

तुला दवाखान्यात नेलं त्याच आठवड्यात पाऊस लागला तो थांबेचना. ओढ्यापलीकडची तुझी खालची पट्टी कशी आहे ते मी तुला काय सांगू. पाय ठेवला की गुडघा आत. तुझा ट्रॅक्टर गेला तो आसापर्यंत रुतला. त्याला ओढायला शेजाऱ्यांचा आणला, तोही रुतला. दोघे एकमेकांकडे तोंड करून बसले होते, पंचायतीला बसल्यासारखे. आणि तू इतकी वर्षं रोगट झाडं उपटून, चांगली तेवढी राखून जे बियाणं तयार केलंस, ते सगळं त्या चिखलाखाली. नुसतं पीक असतं तर म्हटलं असतं, जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. पण हे गेलं तर पुढचं वर्ष आणायचं कुठून?

एका दुपारी मास्तरीणबाई माझ्या अंगणात आल्या. चपला हातात, साडी चिखलाने जड झालेली. आपलं फाटल्यापासून पहिल्यांदाच. मी आत ये म्हटलं तर दारातच उभ्या राहिल्या.

“ताई, कडेचे बटाटे उकरून पाहिले. साल सुटायला लागलीय.”

“माणसं?”

“काढायला माणसं आहेत. काढलेला माल बाहेर कसा आणायचा? डोक्यावर पोती घेऊन दोन खेपा केल्या की माणूस आडवा होतो.”

“रूळ असते तर...” माझ्या तोंडून निघून गेलं आणि मी जीभ चावली.

“तेच विचारायला आलेय,” त्या म्हणाल्या.

“बारक्याने काय सांगितलंय ते तुला माहीत आहे. बांधापलीकडे माझं एकही चाक दिसता कामा नये.”

“ते त्यांनी सांगितलंय. जमीन माझ्याही नावावर आहे. मी सांगतेय, या.”

बाई वर्गात कशा बोलत असतील ते मला त्या दिवशी कळलं. मी डगला घातला.

आता रूळ आणायचे कुठून? माझी समजूत होती की तू उपटलेस ते भंगारात घातलेस. मी तसं म्हटलं, तर बाई मला तुमच्या कोठारामागे घेऊन गेल्या आणि ताडपत्री वर उचलली.

बारक्या, मी लोखंडातलं जरा जाणते. टाकून दिलेलं लोखंड कसं दिसतं ते मला ठाऊक आहे. रूळ वाकू नयेत म्हणून मध्ये लाकडं देऊन थर लावलेले. सांध्याच्या पट्ट्या जोडीजोडीने तारेत ओवलेल्या. नट-बोल्ट तेलाच्या डब्यात. मी रुळावर बोट फिरवलं, तर बोटाला ग्रीस. ओलं.

“हे कोण करतं?” मी विचारलं.

“दरवर्षी पेरणी आटोपली की एक दिवस ते इकडे मागे असतात,” त्या म्हणाल्या. “मी चहा आणून ठेवते. विचारत नाही.”

मला शिंक आल्यासारखं करावं लागलं. पकडही तिथेच होती, भिंतीला टांगलेली.

अप्पांनी जमीन दोघांना अर्धी-अर्धी दिली आणि इंजिनं एकट्या मला. तू रूळ उपटलेस तेव्हा गाव म्हणालं, वाटणीवरून भांडले. मी कुणाचं तोंड धरायला गेले नाही. पण तुझा राग जमिनीचा नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं. कोळसा टाकायला तू असायचास. मी रस्त्याकडे बघायची, तू भट्टीकडे, आणि चढ आला की एकमेकांना सांगावं लागत नसे. ते सगळं अप्पांनी एका वाक्यात माझ्या नावावर केलं आणि त्यांना वाटलं, न्याय केला.

असो. कामाचं सांगते, तुला तेच हवं असेल.

भराव तू मोडला नव्हतास, त्यामुळे निम्मं काम झालेलंच होतं. बांधापासून तुझ्या दारावरून ओढ्यापर्यंत कायमचे रूळ टाकले, स्लीपरवर, खडी घालून. बाईंच्या शाळेतले दोन मास्तर, शेजारचे, बटाटे काढायला आलेली माणसं, सगळे हाताला हात लावून. ओढ्यापलीकडे, चिखलात, जोडूनच ठेवलेले हलके तुकडे पसरले. माणसं त्यांना शिड्या म्हणायला लागली, आणि दिसतातही तशाच. चौघांनी एक शिडी उचलायची, पुढे नेऊन आडवी टाकायची. त्यावर रिकामा डबा दोन माणसं हाताने ढकलतात, भरला की चार.

मध्ये मोरी, ओढ्यावरचा आपला छोटा पूल. ओढा दगडी कमानीच्या गळ्यापर्यंत आलेला. मी खाली उतरून पाहिलं, कंबरेइतक्या पाण्यात. उजव्या भिंतीतून पाणी गढूळ येत होतं. म्हणजे आतली माती चालली होती.

सगळे वरून माझ्याकडे बघत होते. ठेंगणी वाफ धरून उभी. बाईंनी विचारलं, “ताई, इंजिन जाईल?”

तू मला ओळखतोस. ‘माहीत नाही’ हे शब्द मी आयुष्यात फार वापरले नाहीत. त्या दिवशी वापरले. म्हटलं, “माहीत नाही. आणि जे माहीत नाही त्यावर मी वजन घालणार नाही.”

मग दाजींना सुचलं. अडलेलं वासरू बाहेर काढताना ते दोरी लावतात, गाईच्या आत शिरत नाहीत, असं काहीसं ते बोलले. बायकांमध्ये असं बोलू नये म्हणून मी त्यांना गप्प केलं, पण मुद्दा बरोबर होता. इंजिन अलीकडेच ठेवलं आणि जाड तारेचा दोर मोरीवरून पलीकडे नेला. भरलेले डबेही इंजिनापेक्षा हलके. तेवढं भिंत सोसेल असा माझा हिशोब होता. एका वेळी एकच डबा. डब्यात कुणी बसायचं नाही, दोराच्या जवळ कुणी उभं राहायचं नाही. बाई मोरीच्या टोकाला, हातात फळा पुसायचं लाल फडकं. फडकं वर म्हणजे ओढ, खाली म्हणजे थांब.

पहिल्या डब्याला ठेंगणीची चाकं जागच्या जागी फिरली. रूळ ओले, वर तुझं ग्रीस! पुसून काढायचं राहिलं होतं. दाजींनी माझ्या कढईत वाळू भाजून कोरडी केली आणि मुठीमुठीने रुळांवर टाकली. ती कढई आता वाळूचीच झाली. मी वाफेचा रेग्युलेटर केसाएवढा उघडला. दोर ताणला, गुणगुणायला लागला. डबा मोरीवर आला, पलीकडून अलीकडे आला, आणि एकही बटाटा खाली पडला नाही. शाळेतले मास्तर टाळ्या वाजवायला लागले, तर बाई ओरडल्या, “हात कामाला लावा!”

चार दिवस असं चाललं. शेवटच्या दिवशी, शेवटून दुसरा डबा अलीकडे येताच उजव्या भिंतीचे तीन दगड ओढ्यात गेले. कमान उभी राहिली. मी सगळ्यांना मागे बोलावलं. एक डबा पलीकडेच राहिला आहे; त्यातला माल नंतर खांद्यावरून आणला. थोडे सडले, कडेचे. बाकी बियाणं माझ्या गवताच्या माडीवर पसरलंय, वारा खेळतोय, दाजी रोज वरखाली करतात. बाईंनी प्रत्येक ढिगावर खडूने तुझी खूण लिहिलीय.

हे झालं. तू म्हणशील तर रूळ उपटून पुन्हा ताडपत्रीखाली ठेवते, लाकडं मध्ये देऊन, तू ठेवले होतेस तसेच. म्हणशील तर. पण मी माफी मागत नाहीये. बटाटे बघ आणि मग बोल.

एक कबूल करते. ठेंगणी एकटीने चालवता येते, पण कोळसा टाकायला वळलं की पुढचा रस्ता दिसत नाही. त्या चार दिवसांत दोन डब्यांच्या मधल्या वेळात बाई फडकं खांद्यावर टाकून यायच्या आणि कोळसा टाकायच्या. शिकल्या लवकर. पण तुझ्यासारखा नाही टाकत. पातळ पसरायचा सोडून मध्ये ढीग करतात.

तुझी
ताई


२८ ऑक्टोबर

प्रिय बारक्या,

तुझं पत्र पोचलं. त्याला पत्र म्हणायचं असेल तर. दवाखान्याच्या पथ्याच्या कागदामागे मोरीचं चित्र, मापं, आणि खाली दोन ओळी. नमस्कार नाही, आशीर्वाद मागितलेला नाही. “भिंत दगडात बांधू नकोस. गोठ्याच्या जुन्या छताच्या तुळया आहेत, त्या आडव्या टाक. सांध्यांत फट किती सोडलीस? गारठ्यात टाकलेस, उन्हाळ्यात फुगतील.”

मी ते दाजींना वाचून दाखवलं. ते चष्मा काढून म्हणाले, “यात समेटाचं काहीच नाही गं.”

मी म्हटलं, तुम्हाला रुळांतलं काय कळतंय! जे उद्या उपटायचेत त्यांच्या उन्हाळ्याची काळजी कुणी करतं का?

फट बोटाच्या जाडीची सोडली होती. तुझं पत्र आल्यावर सगळे सांधे पुन्हा तपासले. दोन ठिकाणी कमी होती, ती वाढवली. तुळया तू म्हणालास तशाच टाकल्या, पण मापात तू एक वीत चुकलायस. झोपून चित्र काढलंस म्हणून सोडून देते. ओढा उतरला, तेव्हा उजवी बाजू खालून भरून घेतली. मग पलीकडे इंजिनापुरते पक्के रूळ टाकून ठेंगणी मोरीवरून नेली. आधी सगळ्यांना लांब उभं केलं आणि एकटीच गेले. पलीकडे पोचल्यावर शिट्टी वाजवायची ठरली होती. मी वाजवायला विसरले. तिथे उभी राहून तुझी पट्टी बघत बसले. इकडे दाजींचा जीव वरखाली.

आता मुद्द्याचं. शनिवारी तुला सोडतायत. तुझ्या घराकडचा रस्ता दोन ठिकाणी खचलाय, अजून महिनाभर तरी गाडी जायची नाही. गाडी येईल ती माझ्या अंगणापर्यंत. माझ्या अंगणात पाऊल ठेवणार नाही असं तू म्हणाला होतास, ते माझ्या लक्षात आहे, म्हणून तशी व्यवस्था केलीय: गाडीचं दार उघडेल ते थेट डब्याच्या फळीवर. मध्ये जमीन लागतच नाही. तुझा शब्द राहिला, माझंही काम झालं.

डब्यात आपली आरामखुर्ची बसवलीय, खाली गवताच्या गाद्या. डॉक्टरांनी हिसका बसता कामा नये असं सांगितलंय. म्हणून काल खुर्चीवर पाण्याने काठोकाठ भरलेली बादली ठेवली आणि माझ्या अंगणापासून तुझ्या दारापर्यंत नेली. पोचल्यावर बाईंनी पाहिलं. खुर्ची कोरडी नव्हती. परत आले, बांधाजवळचा सांधा खाली बसला होता तो उचलला, खडी ठोकली, पुन्हा नेली. असं संध्याकाळपर्यंत चाललं होतं. शेवटच्या खेपेला बाईंनी खुर्चीवरून हात फिरवला आणि मला दाखवला. कोरडा. मग त्यांनी ती बादली माझ्याच पायावर ओतली, इतक्या हसत होत्या.

इंजिनात चढायचा हट्ट धरू नकोस. फावडं उचलायची परवानगी मिळायला अजून वेळ आहे, मी डॉक्टरांना लेखी विचारलंय. तोवर बाई कोळसा टाकतील आणि तू मागे बसून त्यांच्या चुका मोजशील, मला माहीत आहे. मोज. मोठ्याने सांगू नकोस, त्याही ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत.

ठेंगणी मी का उभी केली, असं तपासणीच्या साहेबांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, चारा ओढायला, बटाटे ओढायला, ट्रॅक्टर रुततो तिथे जायला. सगळं खरं होतं. पण बांधापर्यंत जायचं आणि उलटं परत यायचं, एवढ्यासाठी कुणी इंजिनाला नव्या नळ्या घालत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगतेय.

शनिवारी खुर्चीला नीट टेकून बस. मी पुढे इंजिनात असेन, तोंड रस्त्याकडे. तुला रडू आलं तर खुशाल रड, मला मागचं दिसत नाही. आणि माझं तोंड तुला दिसणार नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

ये.

ताई